सारखेच धरलेले इलेक्ट्रॉन

दुपारपासून गायत्रीचा पाय घरात ठरत नव्हता. लॅपटॉपसमोरून उठायची, ओट्यावर जाऊन कारखान्याच्या चिमणीकडे बघायची, पुन्हा येऊन बसायची. पुरुषोत्तमनगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये येरझाऱ्या घालणार तरी किती! तिच्या संशोधनाच्या पेपरचं छपाईआधीचं शेवटचं प्रूफ तपासून संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. सोमवारी पुण्यात नोकरीची मुलाखत होती, तीही त्याच पेपरच्या जोरावर. आणि पेपर साफ चुकला होता.

एका ऑक्साईडमधून वीज वाहते, असं तिने त्यात ठासून लिहिलं होतं. एकमेकांना ढकलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा पुरता हिशेब मोठमोठ्या संगणकांनाही झेपत नाही, म्हणून काही ना काही सोपं करून घ्यावंच लागतं. इलेक्ट्रॉन दोन प्रकारचे, वरच्या स्पिनचे, म्हणजे चुंबकी कल वर असलेले, आणि खालच्या. तिने आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी प्रत्येक अणूवर दोन्ही सारखेच धरले, म्हणजे गणित निम्म्या वेळात उरकतं. आज उगाच चाळा म्हणून तिने एका अणूवर वरचे केसभर जास्त धरले, शेजारच्यावर खालचे. गणिताच्या फेरीगणिक तो फरक वाढतच गेला. शेवटी सगळे इलेक्ट्रॉन आपापल्या अणूवर ठाण मांडून बसले आणि वीज बंद! सारखेच धरल्यावर बिचाऱ्यांना वेगळं व्हायची सोयच उरली नव्हती.

तिने सरांना फोन लावला. काय निघालं ते सांगितलं.

"प्रूफ आहे तसं पाठवून दे," ते म्हणाले. "हे आपण पुढच्या पेपरात दाखवू. सोमवारी विषय काढू नकोस."

तिला एकदम हायसं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

"सर, मी पेपर मागे घेते."

"बघ बुवा. पहिलं नाव तुझं आहे. नोकरी जाईल तीही तुझीच."

तिने संपादकांना पेपर मागे घेत असल्याच्या चार ओळी लिहिल्या. पुन्हा न वाचता पाठवून दिल्या.

तिची आई प्रमिलाबाई भाजी घेऊन आली, ती दारातच थबकली. "काय व्हयनं? तोंड कसाले उतरनं?"

गायत्रीने सगळं सांगून टाकलं. आईने भाजीची पिशवी तिथंच खाली ठेवली.

"म्हणजे नोकरीबी गयी?"

"गयी समज."

आईने राग कसाबसा गिळला. "बरं, आते जे निंघनं, ते तरी बरोबर शे ना?"

गायत्रीने लॅपटॉपकडे पाहिलं. नव्या गणितातही काही गोष्टी सोप्या धरलेल्याच होत्या.

"ते माले म्हाईत नही, आई. पहिलं चूक व्हतं, एवढंच म्हाईत शे."

"एवढासाठे?" आईचा आवाज चढला. "एवढासाठे सोडी दिन्ही?"

"हा," गायत्री म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.