तीन सोन्याच्या, एक लाल

मार्गशीर्षातली केशरकांती दुपार होती, आणि अवघ्या सृष्टीचे मर्म जोडणीत आहे, हे ती मुक्तहस्ते उधळून सांगत होती. क्षितिजाशी आकाश धरित्रीला जोडलेले. मिरजेच्या शिवाराशी कृष्णाकाठ जोडलेला. वाऱ्याशी उसाच्या तुऱ्यांची रुपेरी थरथर जोडलेली. आणि अनंतराव केळुसकरांचा कॅसेट डेक अँप्लिफायरला जोडलेला.

या शेवटच्या जोडणीतून मात्र घर्र असा आवाज येत होता.

घर्र अखंड होती, अनादी होती. तिच्या पलीकडे, धुक्याआडच्या दीपज्योतीसारख्या, अनंतरावांच्या पत्नी कुमुदिनीबाई गात होत्या. सव्वीस वर्षांपूर्वीची एकुलती एक कॅसेट, राग मुलतानी. चार वर्षांपूर्वी गळ्याच्या शस्त्रक्रियेने तो स्वर नेला आणि मागे पाचोळ्यासारखी कोरडी कुजबुज ठेवली. अनंतराव कॅसेट लावत, तेव्हा त्या कुजबुजीत बाई एवढेच म्हणत, "ही मी नव्हे. हा भुंगा आहे." आणि स्वयंपाकघरात निघून जात.

म्हणून टेलिफोन खात्यात अर्ध्या जिल्ह्याच्या तारा जोडून निवृत्त झालेल्या अनंतरावांनी पण केला. या जोडणीची नवी वायर घरी करायची. भुंगा मारायचा.

रेडिओच्या सुट्या भागांच्या आपल्या दुकानातल्या काचेवर मोमीनभाईंनी वायरीच्या टोकांना लावायच्या पिना मांडल्या, जणू स्वयंवरच मांडले. एक लाल टोपणाची, प्लॅस्टिकवदना, साधीभोळी. एक निकेलची, रजतकांती, शेपटाला स्प्रिंग असलेली. आणि तिसरी सुवर्णस्नाता, करंगळीएवढी जाड, स्वतःचे रूप पुरते ठाऊक असलेली. अनंतरावांनी चष्मा कपाळावर नेला, खाली आणला, पुन्हा नेला.

"फरक काय हो, मोमीनभाई?"

"दिसण्यात लई फरक आहे, काका."

"आणि आवाजात?"

"ते तुमच्या हातात. डाख नीट बसला की लालबी गाती."

सत्य इतक्या सहज हाती आले, की अनंतरावांचा त्यावर विश्वासच बसेना. शिवाय कुमुदिनीचा स्वर लाल प्लॅस्टिकमधून यावा, हे त्यांना सोसवेना. डावी-उजवी अशा दोन तारांच्या चार टोकांसाठी त्यांनी सोन्याच्या चार घेतल्या. मोमीनभाईंनी पुडीत एक लाल टाकली. "राहू द्या. शेवटची जळतीच."

ऊन कलले. राळेचा धूर धूपासारखा वर चढला. तारेच्या टोकावर डाखाचे कथील वितळे, चमके, थिजे. वितळे, चमके, थिजे. एक पिन झाली. दोन. तीन. चौथीचा डाख असा उतरला, की चंद्रबिंबाने लाजावे. अनंतरावांनी तो डोळे भरून पाहिला. मग टेबलाकडे पाहिले.

टेबलावर चौथ्या पिनेचे सोनेरी टोपण शांतपणे पडले होते. डाखाआधी तारेत ओवायचे असते, ते टोपण. "आधी टोपण, मग डाख!" असे अनंतराव तीस वर्षे शिकाऊ मंडळींवर ओरडत आले होते. आज ओरडायला कोणी नव्हते.

डाख पुन्हा तापवला. पिनेच्या पोटातले प्लॅस्टिक मेणासारखे ओघळले. वरचे सोने तेवढे निर्विकार राहिले. चौथ्या टोकाला लाल पिन बसली. आधी टोपण, मग डाख.

"अगं, ये जरा."

कुमुदिनीबाई पदराला हात पुसत दारात थांबल्या. अर्धे पाऊल आत, अर्धे स्वयंपाकघरात. अनंतरावांनी कळ दाबली आणि बाईंकडे बघायचा धीर न झाल्याने लाल पिनेकडे बघत राहिले.

प्रथम शांतता आली. निर्मळ, निस्तरंग, निर्भुंग शांतता. मग मंद्र निषादाला टेकून गंधार उमलला. सावरीच्या म्हातारीसारखा उन्हात तरंगला. डाव्या बाजूने अवघ्या सोन्यातून, उजव्या बाजूने निम्म्या प्लॅस्टिकमधून. आणि कुठला कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

बाई चौकटीला टेकल्या. एक हात गळ्यावरच्या व्रणाशी गेला. दुसऱ्या हाताची बोटे, चार तारा, चार तारा, हवेतला तंबोरा छेडू लागली. ऊन खिडकीतून त्या बोटांवर येऊन बसले, आणि बोटांसह हलत राहिले.

खट्. कॅसेट संपली.

"मीच ही," त्या कुजबुजल्या. "गंधार चढा लागलाय."

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला; पुसून पुन्हा पुसला. बाई टेबलाशी आल्या. उरलेल्या तारेचे काळे वेटोळे त्यांनी हाती घेतले, हळुवार उलगडले, आणि दोन्ही हातांनी ताणून पाहिले.

"अहो, एवढी मला द्याल? गच्चीवरची दोरी तुटलीय."