पहिली हाक

शाळेत आमच्या सोमीला नेहमी दोनदा हाक मारावी लागे. मास्तर म्हणायचे, "शुक्री!" ती गप्प. पुन्हा म्हणायचे, "ए शुक्री!" तेव्हा कुठे ही "हजर" म्हणायची. बारावीपर्यंत सगळे मास्तर तिला थोडी बहिरी समजत होते. बहिरी नव्हती. मीच तिला तसं शिकवलं होतं.

माझी पहिली मुलगी शुक्रवारी झाली, दवाखान्यात. शुक्रवारची म्हणून शुक्री. तिच्या जन्माचा कागद मिळाला, तो मी डब्यात जपून ठेवला. दीड वर्षाची असताना तीन दिवसांच्या तापात ती गेली. बांधापलीकडच्या मोहाच्या झाडाखाली तिला मातीत ठेवलं. हातात काळ्या मण्यांची मनगटी होती, ती काढायला माझा हात धजला नाही. गेल्याचाही कागद करायचा असतो, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. सोमी त्या वेळी माझ्या पोटात होती. ती भाताच्या आवणीच्या धांदलीत घरीच झाली, सोमवारी. तिचा कागद कुणी केलाच नाही.

पाच वर्षांची सोमी शाळेत घालायला नेली, तर मास्तर म्हणाले, "जन्माचा कागद आणा." घरात कागद एकच. मी सोमीच्या बापाकडे पाहिलं. चिमण त्यांचं नाव. ते म्हणाले, "दे तोच. कागदाला काय तोंड आहे?" मी दिला. अशी माझी सोमी शाळेत शुक्री झाली.

आता माझा नेम असा, की जेवायला बसण्याआधी एक घास पळसाच्या पानावर काढायचा, मागच्या दारी ठेवायचा आणि हाक मारायची, "शुक्री, ये गं." थोरली गेली त्या दिवसापासून यात खंड नाही. शुक्रवारी तिच्यासाठी मी उपास धरते, तरी घास ठेवतेच. शाळेत जायला लागल्यावर एकदा त्या हाकेसरशी सोमीच धावत आली. "आये, मला बोलावलंस?" म्हणाली आणि पानावरच्या घासाला हात घातला.

तिचा हात धरून मी म्हटलं, "बाय, या नावाची पहिली हाक तुझी नाही. दुसरीला ओ द्यायची."

"पहिली कुणाची?"

"ताईची."

तिने ते बारा वर्षं पाळलं.

यंदा सोमी बारावी झाली. डहाणूच्या कॉलेजात सायन्सला नंबर लागला. आमच्या वेवजीच्या पाड्यावरून सायन्सला जाणारी ती पहिलीच मुलगी. एका मंगळवारी कागदांची पिशवी घेऊन आम्ही दोघी तलासरीहून एसटीत बसलो. तिघांच्या बाकावर ती मधे, मी कडेला. खिडकीची जागा रिकामी होती. मी सोमीला म्हटलं, "सरक की खिडकीशी, वारा लागेल."

"नको. इथेच बरं वाटतं," ती म्हणाली.

कंडक्टरने पटापट तीन तिकिटं फाडून माझ्या हातात दिली.

"दादा, दोनच."

तो वाकून खिडकीकडे बघायला लागला. मग डोळे चोळून हसला. "माफ करा मावशी. सकाळपासून चहा नाही. मला तिघी दिसल्या."

चारोटीच्या नाक्यावर मी महालक्ष्मीच्या गडाकडे हात जोडले, तेव्हा सोमी हळूच म्हणाली, "आये, माझा डावा हात गार पडलाय." डावा, म्हणजे खिडकीकडचा.

कॉलेजात ही गर्दी. खिडकीमागे बसलेल्या बाईंना सगळे दक्षाबेन म्हणत होते. त्या नाव पुकारायच्या, मुलगी पुढे जायची, सही करायची. आम्ही भिंतीला टेकून उभ्या होतो. पुकारा झाला, "शुक्री चिमण!"

सोमीचे ओठ हलले, पण बारा वर्षांची सवय. ती दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली.

"हजर," कुणीतरी म्हणालं.

आवाज लहान होता, खालून आल्यासारखा. मी मान वळवून पाहिलं. मुली आपापल्या कागदांत होत्या. दुसरी हाक आलीच नाही. दक्षाबेनने पुढचं नाव घेतलं.

सोमी धावत खिडकीशी गेली. "मॅडम, शुक्री मी आहे."

"तूच नी. आत्ता तर सही करून गेली."

"मी नाही केली, मॅडम."

दक्षाबेनने चष्म्यावरून बघितलं. "लाल रिबीन काढून आली काय? मस्करी नको, बेन. आणि ही सही आहे का? बालवाडीत आली का तू?" त्यांनी वही आमच्याकडे फिरवली.

दोन अक्षरं होती. वाकडी, मोठी, एकमेकांवर चढलेली. सोमी पहिलीत असताना पाटीवर अशीच गिरवायची. तिच्या शेजारी बसून, नुसतं बघून बघून कुणी शिकलं असेल, तर त्याचं अक्षर असंच येईल.

"इथे चालवून घेते," दक्षाबेन म्हणाल्या. "पण वसतिगृहात नाही चालणार. सोमवारी तिथे पुकारा आहे. यादीत एक खाट तुझ्या नावावर आहे. नाव एकदाच घेतात. जी ओ देईल आणि नीट सही करेल, तिची खाट. नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीची."

वेवजीहून रोज डहाणूला येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं. खाट गेली की कॉलेज गेलं.

घरी आल्यावर सोमीच्या बापाला सगळं सांगितलं. एरवी ते माझ्या नेमधर्माची थट्टा करतात. "तुझ्यापायी देवसुद्धा उपाशी बसत असेल," म्हणतात. त्या दिवशी हसले नाहीत. नवी पेटी आणून ओटीवर ठेवली आणि बागेत कामाला निघून गेले.

गुरुवारी सोमीने पेटी भरायला घेतली. चादर, ताट, वाटी, कुलूप. कागदावर लिहिलेलं एकेक ती वाचत होती आणि मी देत होते. तळाशी चादर नीट करायला तिने हात घातला आणि तो तसाच राहिला.

"आये, हे तू ठेवलंस?"

तिच्या तळव्यावर काळ्या मण्यांची मनगटी होती. तान्ह्या पोराच्या हातात बसेल एवढी. मण्यांच्या भोकांत माती होती.

मी ती ओळखली.

"ताईला यायचंय ना?" सोमीने विचारलं. रडत नव्हती. "मला शाळेत पण कळायचं, आये. पहिल्या हाकेनंतर माझ्या बाजूला कुणीतरी उठायचं. मला वाटायचं, सगळ्यांनाच तसं होतं. पण सोमवारी ती आधी उठली, तर मी कुठे बसू?"

ती विचारत होती, आणि मला माझी चूक दिसत होती. कागद मी एकीला दिला होता आणि हाक दुसरीला देत राहिले होते. एका नावावर दोघींना वाढवलं होतं. रोज घास खाऊन थोरलीही वाढली. तीही शाळेत गेली, तीही बारावी झाली. तिने कॉलेजात का जाऊ नये?

शुक्रवारी भर दुपारी मी मोहाखाली गेले. पोटात पाणीसुद्धा नव्हतं. पळसाच्या पानावर भात ठेवला, बाजूला मनगटी ठेवली, दिवा लावला. आणि जसं पोरीला मांडीवर घेऊन समजावतात तशा आवाजात सांगितलं.

"बाय, तुझं नाव मी तुझ्या बहिणीला दिलंय. तुला न विचारता दिलं, ते चुकलं. पण आता ते तिच्या सगळ्या कागदांवर आहे, परत घेता येत नाही. त्याच्या बदल्यात तिचं तू घे. सोमी. चांगलं नाव आहे. कुठे लिहिलेलं नाही, घरातल्या घरात वापरलंय. ती शिकायला जाईल. तू माझ्यापाशी राहा. तुझा वार मी बदलते. आजचा शुक्रवार शेवटचा, यापुढे सोमवार धरते."

मग हाक मारली, "सोमी, ये गं."

वारा होता. मोहाची सगळी पानं सळसळत होती. माझ्यासमोरचं पळसाचं पान मात्र जरासुद्धा हललं नाही, जसं कुणी बोटाने दाबून धरलंय. मी उठले, दहा पावलं चालले आणि मागे बघितलं. पान धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मनगटी नव्हती.

घरी येऊन मुलीला समोर बसवलं. "आजपासून शुक्रीची पहिली हाक तुझी. झटकन ओ द्यायची. आणि सोमी म्हणून कुणी बोलावलं, तर ओ द्यायची नाही. मी बोलावलं तरी नाही."

"मग घरी मला काय म्हणशील?"

"शुक्री."

"ते तर मास्तरांचं नाव आहे, आये," ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र रडली.

सोमवारी एसटीत कंडक्टरने दोनच तिकिटं दिली. वसतिगृहाच्या पडवीत वीस-पंचवीस मुली पेट्यांवर बसल्या होत्या. बाईंनी यादी उघडली. माझ्या ओठांत महालक्ष्मीचं नाव होतं. "शुक्री चिमण!"

एक श्वास जाईल एवढा वेळ कुणीच बोललं नाही.

"हजर!" माझी मुलगी इतक्या मोठ्याने ओरडली, की सगळ्या मुली हसल्या. एक म्हणाली, "अगं, आम्ही बहिऱ्या नाही!" तिने पुढे जाऊन सही केली. सरळ, बारीक, एका ओळीत. मी तिची पेटी खाटेखाली सरकवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले.

परतीच्या गाडीत बाकावर मी एकटी होते. कंडक्टर दुसराच होता, म्हातारा. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "दोन ना, ताई?"

मी जरा कडेला सरकले. "हो, दोन."

आता घरात मला सोबत असते. सोमवारी उपास, रोज एक घास, एक हाक. ओटीवर मी तांदूळ निवडत असते, तेव्हा शेजारी कुणीतरी निवडल्यासारखे चार खडे वेगळे काढलेले दिसतात.

आठ दिवसांनी वसतिगृहातून फोन आला. मी नुकतंच पान मागच्या दारी ठेवून आले होते.

"आये, सोमी बोलते."

माझ्या पाठीमागे दाराशी पाऊल थांबलं. थांबलेलं पाऊल ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"कोण?" मी विचारलं.

"अगं मी, आये. सोमी. आवाज ओळखत नाहीस?"

सतरा वर्षं ज्या नावाने तिला पाजलं, न्हाऊ घातलं, झोपवलं, ते जिभेवरच होतं. म्हटलं, "सोमी इथे माझ्याजवळ उभी आहे. तू कोण?"

पलीकडून मुलींचा गलका येत होता, ताटांचा आवाज येत होता.

"मी शुक्री," ती म्हणाली.

"हां," मी म्हटलं. "बोल, शुक्री. जेवलीस का?"