वरची तार

सतरा नंबरचा पितळी बिल्ला कोटाच्या हुकाला लावायचा राहून तिच्या बोटांतच गरम झाला होता, कारण पेलागेयाचं ध्यान दाराकडे होतं... आत तिची लेक तास्या परीक्षेआधी एकेका पोराचं व्हायोलिन सुरात लावून देत होती — पोरांनी खुंट्यांना हात लावायचा नाही हा तिचा नियमच — आणि वरची तार चढी लागली होती. केसभर. पण चढी.

आजचं नव्हतं हे. शरद सरल्यापासून चाललंय.

ह्या संगीतशाळेत पोरांचे कोट सांभाळण्यात माझी चाळीस वर्षं गेली. मला सही धड येत नाही, पण सुराला काय सही लागते? ह्याच कोटांमागे खोक्यावर उभी करून तास्याच्या हनुवटीखाली रुमालाची घडी मी घातली... तीच पुढे मॉस्कोला शिकून तैसिया एगोरोव्हना बाई होऊन इथंच शिकवायला आली, आणि अर्ध्या कोस्त्रोमा शहराच्या बोटांवर तिचा गज बसला. नवरा नाही, मूल नाही. ऐकू येईनासं झालंय हे कळलं तर तिला कोण ठेवेल, आणि ठेवलं नाही तर तिच्यापाशी उरेल काय?

आत उस्त्या वाजवत होती. मोकळी तार पियानोशी उघड भांडत होती, पण पोरगी बोटं मागे सरकवून सरकवून सूर सावरत होती — नऊ वर्षांची! 

दार उघडलं. उस्त्या रडत बाहेर, मागे तास्या.

"कान आहेत की अळंबी उगवलीय? सगळं चढं!"

"तार..." उस्त्या पुटपुटली.

"काय? मोठ्यानं बोल! तार मी लावलीय!"

पोरगी बाहीनं डोळे पुसू लागली. तास्या पुढच्याला हाक मारायला वळली, तशी पियानोवाली रिम्मा ल्व्होव्हना हळूच पुढे आली.

"पेलागेया साव्विश्ना, तुम्हीच सांगा तिला. आमचं ती मानायची नाही."

"तुझा पियानोच उतरला असेल, बाई. आधी त्याला सरळ कर, मग माझ्या लेकीला शिकव."

 रिम्माच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं... कीव होती.

"आई!" तास्या दारातून ओरडली, गरजेपेक्षा मोठ्यानं. "तू ऐकलंस ना? बेसूर वाजवलं की नाही हिनं?"

डोळे पुसायचे थांबवून उस्त्यानं वर पाहिलं. म्हातारीला ऐकू आलंय हे तिला ठाऊक होतं — कानाच्या माणसाला कानाचं माणूस कळतंच.

"वाजवलं," पेलागेया म्हणाली. "हल्लीच्या पोरांचं लक्ष असतं कुठं?"

तास्याचा चेहरा निवळला. केवढा निवळला! लहानपणी ताप उतरल्यावर निवळायचा तसा... ह्यासाठीच तर बोलले मी. ह्याचसाठी?

पेलागेयानं कोटाची बाही पुढे धरली; उस्त्यानं तीत हात न घालता कोट ओढून घेतला, स्वतःच चढवला, आणि गेली.

आत पुढच्या पोराची तार पिळली जाऊ लागली. बरोबर जागी आली... आणि थांबली नाही, आणखी चढली, आणखी... बस म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

मी होते. मी दुसऱ्या कुणाचा तरी कोट झटकत होते, कोरडा होता तरी.