मेरिमचा डी ड्राइव्ह

तालांतकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. फॉरमॅट. किर्गिझस्तानातल्या तलस गावच्या बाजारात एका जुन्या कंटेनरमध्ये त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मशीन मंद झालंय, आवाज येत नाही, पडदा मध्येच निळा होतो, काहीही सांगा, तो मान हलवून म्हणायचा, "ठेवून जा. फॉरमॅट मारतो, नवं विंडोज टाकतो, घोड्यासारखं पळेल." आणि पळायचंही.

पण हेच औषध तो घरच्या मशीनलाही पाजायचा, आणि त्या मशीनवर त्याची बायको मेरिम काम करायची.

राजधानी बिश्केकमधली काही मंडळी खेड्यापाड्यांत फिरून लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून आणत. मेरिम ते साफ करायची, त्याचे तुकडे पाडायची आणि कोण काय बोललं ते टाइप करून पाठवायची. पुढेमागे फोनला किर्गिझ कळावी म्हणून हा सगळा खटाटोप. सासूबाई सायरा आपा म्हणायच्या, "यंत्राला बोलायला शिकवतेस, तसं माझ्या पोरालाही शिकव. हल्ली दुकानातून आला की तोंडाला कुलूप."

त्या दुपारी अंगणात राजमा झोडपून मेरिम हात झटकत आत आली, तर तालांत तिच्या खुर्चीत बसलेला आणि पडद्यावर ते ओळखीचे ठिपके गोल गोल फिरताहेत.

"परत?"

"मंद झालं होतं."

"मला नाही वाटलं मंद."

"तुला सवय झाली असेल. मला बघवत नाही. तुझी रेकॉर्डिंगं काढून ठेवलीत, तोंड पाडू नकोस."

रेकॉर्डिंगं तो दर वेळी आठवणीने बाजूला काढायचा, त्यात कसूर नाही. पण आवाज साफ करणारे, तुकडे पाडणारे, अक्षरं जुळवणारे सगळे प्रोग्राम सिस्टमबरोबर धुऊन जायचे. ते पुन्हा उतरवायचे म्हणजे त्यांच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर दोन-दोन दिवस नुसतं बसून राहायचं. बसून तरी कसलं? उठायचं, खिडकीशी जायचं, परत येऊन पडदा बघायचा, पुन्हा उठायचं.

तिने बिश्केकला चिनारा एजेला, म्हणजे चिनारा ताईला, फोन लावला. हे काम तिनेच मेरिमला दिलं होतं.

"अगं, सगळं सी ड्राइव्हमध्ये कशाला ठेवतेस?" चिनारा एजे म्हणाली. "डिस्कचे दोन भाग कर. सीमध्ये विंडोज राहू दे, नवऱ्याला हवे तेवढे फॉरमॅट मारू दे. डीमध्ये पॅकेज मॅनेजर टाक. त्याला नुसतं नाव सांगायचं, तो प्रोग्राम शोधून आणतो आणि बसवतो. त्याचं घर डीमध्ये केलंस की तो आणेल तेही सगळं डीमध्येच. सी गेलं तरी ते जागच्या जागी."

"पण डी आहे कुठे? आमची डिस्क एकसंध आहे."

"मग सी आकसवून जागा काढ. फक्त एक कर बाई, ते चालू असताना वीज जाऊ देऊ नकोस. मध्येच गेली तर सीही गेलं आणि डीही."

तालांत सुटे भाग आणायला बिश्केकला गेला, तेव्हा मेरिमने रेकॉर्डिंगं पेनड्राइव्हवर काढली आणि काम सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी उमटली आणि गोगलगायीसारखी सरकू लागली. मेरिमला बसवेना. नखं खाऊन झाली, टेबल पुसून झालं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला आणि तिला धडकीच भरली. आज आपांची बहीण यायची होती. सामसे, म्हणजे मांसाचे समोसे, भाजायचे होते. विजेच्या भट्टीत. आणि भट्टी लावली की निम्म्या वेळा घराचा फ्यूज उडायचा.

ती धावत गेली. आपांचा हात बटणावरच होता.

"आपा, नका! भट्टी लावू नका!"

"का गं? साप निघाला की काय आत?"

"मशीनवर काम चाललंय. वीज गेली तर सगळं जाईल. तालांतचंही."

"मग थांबव ते."

"थांबवता येत नाही."

"हे कसलं काम बाई, सुरू करता येतं आणि थांबवता येत नाही?" आपांनी सामशांच्या ताटाकडे पाहिलं. "किती वेळ?"

"सांगता येत नाही."

"माझी बहीण फाटकात येऊन उभी राहील, आणि तिला मी कच्चं पीठ खायला घालू?"

मेरिमचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला राग आला. आपांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, ताट उचललं आणि पायाने दार ढकललं. "चल, तंदूर पेटव. राजम्याची काडं पडलीत ढीगभर. आणि केटलही लावू नकोस म्हणजे झालं, नाहीतर तुझं मशीन माझ्या नावाने खडे फोडेल."

वाऱ्यावर काडं धड पेटेनात. धुराने दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मेरिम दर थोड्या वेळाने आत पळायची आणि परत यायची. "अजून नाही," ती म्हणायची. "मी विचारलंच नाही," आपा म्हणायच्या. पाहुणी आली, चहा ओतला गेला, सामसे एका बाजूने करपले ते गप्पांत खपूनही गेले. मेरिम आत गेली तेव्हा पट्टी पुरी झाली होती आणि सीच्या शेजारी रिकामा, कोरा डी उभा होता.

मग तिने पॅकेज मॅनेजरला डीचा पत्ता दिला आणि एकेक नाव सांगत सुटली. दिवस मावळायच्या सुमाराला नेट गेलं, तेव्हा पडद्यावरची ती खिडकी बंद केली. सकाळी नवी खिडकी उघडून उरलेली नावं सांगितली. सगळं आलं, सगळं चाललं.

तालांत परतला, मशीन लावलं आणि क्षणात त्याच्या कपाळावर आठी चढली.

"हा डी कोण?"

"कोण म्हणजे? मी केला."

"माझ्या डिस्कचे तुकडे पाडलेस? मला न विचारता?" त्याचा आवाज चढला. "बाजारात नवरे येतात माझ्याकडे. बायकोच्या फोनमध्ये काय लपलंय ते काढून दे म्हणतात. मी हाकलून देतो त्यांना. आणि माझ्याच घरात—"

"उघड ना. कुलूप लावलंय का मी?"

त्याने उघडला. आत नुसते प्रोग्राम. तो बघत राहिला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"दर वेळी सांगितलं! माझं काम धुऊन जातं म्हणून. तुला मशीन मंद झालेलं दिसतं, माझं बोलणं ऐकू येत नाही."

तालांत टोपी उचलून बाहेर पडला. नंतर कितीतरी दिवस घरात "चहा दे" आणि "दार लाव" एवढंच बोलणं.

एकदा दोरा आणायला ती बाजारात गेली आणि पाय आपोआप त्याच्या गल्लीत वळले. कंटेनरचं दार अर्धं उघडं होतं. आत गिऱ्हाईक नव्हतं, दुरुस्तीला आलेलं एकही मशीन नव्हतं. तालांत दुकानातल्या स्वतःच्याच लॅपटॉपसमोर बसला होता आणि पडद्यावर ठिपके फिरत होते.

शेजारी बूट विकणारी बाई पुटपुटली, "रोज हेच करतो गं. पुसतो आणि भरतो, पुसतो आणि भरतो. हल्ली सगळे फोनवरच भागवतात. कोण येणार इथे?"

मेरिम हाक न मारताच फिरली. दोरा घ्यायचाही राहिला.

त्या आठवड्यात एका दुपारी तालांत लवकर घरी आला आणि सरळ मशीनशी जाऊन बसला. त्याची बोटं टेबलावर वाजत होती. "मंद वाटतंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"मार," मेरिम म्हणाली. "सी तुझं. डीला हात लावू नकोस."

त्याने चमकून पाहिलं, आणि मारला. ती मागे उभी राहून या पायावरून त्या पायावर होत होती. नवं विंडोज आलं. डी होता! चिनारा एजेने सांगितलं होतं तसा तिने नव्या विंडोजला डीचा पत्ता दिला, आवाज साफ करणारा प्रोग्राम उघडला. चालला. तुकडे पाडणारा चालला. अक्षरं जुळवणारा... तो नव्हताच. त्याच्यानंतर आणलेलं काहीच नव्हतं.

"निम्मं गेलं," ती मटकन खाली बसली. "महिनाअखेरीला पाठवायचंय सगळं. मी डीमध्येच टाकलं होतं. शपथेवर सांगते!"

तालांतने खुर्ची पुढे ओढली. "पत्ता कसा दिला होतास? लिहून दाखव."

तिने लिहून दाखवलं. त्याने एकदाच वाचलं. "हा पत्ता त्या एका खिडकीपुरता होता. खिडकी बंद केलीस, हा विसरला. दुसऱ्या दिवशी आणलेलं सगळं त्याने गुपचूप सीमध्ये टाकलं." त्याने दोन ओळी बदलल्या. "आता पक्का दिलाय. सांग, काय काय आणायचंय?"

ती नावं सांगत गेली, तो टाइप करत गेला. नेट रखडलं. दोघंही उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर आपा राजमा पाखडत होत्या.

"दुकानात गिऱ्हाईक येत नाही," तालांत खिडकीबाहेर बघत म्हणाला. "दोन महिन्यांचं भाडं उगाच भरलं."

"ठाऊक आहे. मी आले होते."

त्याने मान खाली घातली. "हात रिकामे राहिले की मला वेड लागतं गं. निदान हे एक तरी मी हात लावला की नीट होतं."

"माझं मात्र बिघडतं."

"कळलं आता." तो पडद्याकडे गेला, परत खिडकीशी आला. "आपाला एवढ्यात सांगू नकोस."

"आपांना माहीत नसेल असं वाटतं तुला?"

मेरिमचं महिनाअखेरीचं काम थोडं उशिरा, पण गेलं. हिवाळा सरायच्या आत तालांतने कंटेनर सोडला आणि राजम्याच्या व्यापाऱ्याकडे गोदामात पोती तोलायला उभा राहू लागला. चिनारा एजेने कळवलं, की वसंतात खेड्यांत रेकॉर्डिंगला जायला यंत्रं सांभाळणारा माणूस हवाय. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. संध्याकाळी धुळीने माखून यायचा, जेवायचा, अंगणात जायचा, फाटकापर्यंत जाऊन परत यायचा. मेरिम हेडफोन काढून त्याची पावलं ऐकायची, आणि पुन्हा कानाला लावून कुठल्याशा खेड्यातल्या म्हाताऱ्याचं बोलणं टाइप करायची.