थोडी माया सोडून

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. मुरुम गावच्या बाजारात, रस्त्याकडच्या एका खोलीत असते. माझी मालकीण चन्नम्मा गेली हे मला कुणी सांगितलं नाही. त्या दुपारी तिचा नवरा महालिंगप्पा एकटाच कुलूप काढून आत आला आणि त्यानं माझ्यावर खोळ घातली. माझ्या सुईखाली निळं ब्लाउज तसंच होतं. सुईत कापड अडकवून चन्नम्मा कधी उठत नसे, जेवायलासुद्धा नाही. तेव्हाच मी समजले. सकाळी छातीत कळ आली म्हणून ती रिक्षात बसून दवाखान्यात गेली होती. ती परत आली नाही.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यातला. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला महालिंगप्पानं मला ओवाळणीत आणलं. माझ्या अंगावर सोनेरी नक्षी होती. चन्नम्माचा हात लागून लागून ती पुसली. त्याचं मला वाईट वाटत नाही.

तिच्यासारखी कारागीर मी दुसरी पाहिली नाही. कापड भिजवून आटवल्याशिवाय ती कात्री लावत नसे. आणि शिवणीच्या आत चांगलं दोन बोटं जास्तीचं कापड राखायची. त्याला शिवणकामात माया म्हणतात. बाई अंगानं भरली तर माया उसवून ब्लाउज ढिलं करता येतं. बायका म्हणायच्या, चन्नम्माचं ब्लाउज दोन बाळंतपणं सोसतं.

ते निळं ब्लाउज अर्पिताचं. जवळच्या खेड्यातली सून, दोन मुलींची आई. आल्या आल्याच म्हणाली, "अक्का, आत्ताचं माप घेऊ नका. दोन इंच कमीनं शिवा."

"का गं? उपास धरलाय?"

"ऑपरेशन करायलेय. पोटाची लोंबती कातडी काढत्यात, छाती बी उचलून देत्यात. जाऊबाई मला 'ढोल आला' म्हणती. दिराच्या लग्नात तिचं तोंड बंद करते."

चन्नम्मानं तिला नावं ठेवली नाहीत. टेप गळ्यात टाकून म्हणाली, "अंग तुझं, हौस तुझी. पण तोंड जाऊबाईचं आन् पोट कापायचं तुझं, हे कुठलं माप?"

अर्पिता खुदकन हसली.

"धाकटी अजून अंगावर पितीय ना? म्हंजी तुझं कापड आटलं न्हाय अजून. आन् तिसरं लेकरू?"

"सासूबाईंना नातू पायजे."

"मग पोट परत ताणंल की! डॉक्टरीणबाई काय म्हणल्या?"

"लई विचारलं त्यांनी. वण कायमचे ऱ्हात्यात म्हणल्या. कैक आठवडे घागर उचलायची न्हाय, लेकरू कडंवर घ्यायचं न्हाय. दूध सुटून काही महिने जाऊ द्या म्हणल्या. सुटलं म्हणून सांगते, कोण बघतंय? तंबाखू खाता का, ते बी विचारलं. म्या म्हणलं, छे!"

चन्नम्मा तिच्या दातांवरची काळी रेघ बघत राहिली. "आन् ही मिश्री?"

"मिश्री म्हंजी तंबाखू व्हय? ती तर दातासाठी असती."

"तंबाखूच भाजून करत्यात की. इचार तरी त्यांना."

अर्पितानं दवाखान्यात फोन लावला. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. त्या म्हणाल्या, "मिश्री म्हणजे तंबाखूच. बरं झालं विचारलंत. त्यानं जखमेला रक्त कमी पोचतं, टाके भरत नाहीत, कातडी काळी पडून मरूही शकते. आधी ती सोडा. आणि बाळाचं दूध सुटलं का?"

अर्पितानं चन्नम्माकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "न्हाय जी. अजून पितीय."

फोन ठेवल्यावर तिचे डोळे भरले. चन्नम्मानं तिचं माप घेतलं, जसं होतं तसं. "रडतीस कशाला? माया जास्त सोडते. पुढं ऑपरेशन केलंस तर आत टीप मारू, न्हाय केलंस तर उसवू. ब्लाउजाला उसवता येतं. पोटाला न्हाय."

ते ब्लाउज शिवताना ती गुणगुणत होती. उजवी बाही लागली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

चन्नम्माचे दिवस होऊन गेल्यावर अर्पिता आली. मिश्रीची डबी तिनं माझ्या फळीवर ठेवली. "अक्कांना सांगायचं होतं, सोडली म्हणून," ती म्हणाली. "ऑपरेशनचं दूध सुटल्यावर बघंन. माझ्या मनाला वाटलं तरच."

महालिंगप्पानं खोळ काढली, उरलेली बाही लावायला हातात घेतली आणि माझं चाक उलटं फिरवलं. दोरा तुटला.

"ऱ्हाऊ द्या काका," अर्पिता म्हणाली. दिराच्या लग्नात ती जुनंच ब्लाउज घालून गेली.

मित्रांनो, मला तेलाचे चार थेंब पुरतात. तुमच्या अंगाला त्याहून जास्त जपा. त्याला कात्री लावायची वेळ आलीच, तर ती कुणासाठी लावतोय ते आधी स्वतःला विचारा, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. चन्नम्मा एवढंच सांगायची.

खोळ पुन्हा माझ्यावर आहे. निळं ब्लाउज सुईखालीच आहे. त्याची डावी बाही लावायची राहिली आहे.