ताप उतरल्यावरची आंघोळ

चार दिवस मालनचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी तिच्या भावाचा, सहदेवचा ताप उतरला आणि आईने लगेच कडुनिंबाचा पाला टाकून पाणी तापवलं. घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत ताप गेला की पहिली आंघोळ घालायची, म्हणजे माणूस बरा झाला.

"आई, हातपाय बघ त्याचे, बर्फ झालेत. पोटात पण दुखतंय."

"ताप गेला की अंग गारच लागणार ना? कटकट करू नको."

रक्ताच्या तपासणीत डेंग्यू निघाला, तेव्हाच डॉक्टरांनी मालनला बजावलं होतं. डेंग्यूचा व्हायरस रक्तातल्या राखणदार पेशींतच घुसतो, मग रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. खरा धोका ताप उतरल्यावर.

तिने सहदेवची बाही वर केली. दंडावर बारीक लाल ठिपके उठले होते.

"ह्याला आत्ता हॉस्पिटलात न्यायचं!"

"अगं, दोन तांबे ओतू तर दे..."

"ओत तुझ्याच डोक्यावर!" म्हणत मालन रिक्षा आणायला पळाली.

दुपारी सलाईनची तिसरी बाटली लागली, तेव्हा कुठे सहदेवला लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी टिकायला लागलं. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. मालन बाकावर आडवी झाली आणि आई गुपचूप तिचे पाय चेपत बसली.