विचारलं तर सांगायचं

चौकशीला तिच्या खऱ्या नावाने लॅबमध्ये कुणीच हाक मारत नसे. नवा माणूस कामाला लागला की त्याचं घर कुठे, लग्न झालंय का, मुलंबाळं किती आणि चहात साखर किती लागते, हे सगळं ती पहिला कप संपायच्या आत काढून घ्यायची. म्हणून हे नाव पडलं, आणि तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. "नाक खुपसत नाही मी, तोंडावर विचारते," असं ती ठणकावून सांगायची.

लॅबमध्ये कवळ्या बनायच्या. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या हिरड्यांचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून जबड्याचा साचा निघायचा. त्या साच्यावर गुलाबी मेण चढवून एकेक दात बसवायचा, हे चौकशीचं काम. पुढे मेणाच्या जागी पक्का माल भरला जायचा आणि शेवटी पॉलिशकाका ती कवळी फिरत्या चाकावर धरून गुळगुळीत करायचे. साच्यासोबत पेशंटचं नाव येत नसे, नुसता नंबर. तेवढ्यावर चौकशीचं कसं भागणार? ती साचा हातात फिरवून बघायची आणि आपल्या मनाने ठरवून टाकायची, हे गृहस्थ एकाच बाजूने चावत आले, ह्या बाईंनी जन्मभर दात खाल्ले असणार. नवऱ्यावर की सुनेवर, तेवढंच काय ते साच्यावरून कळत नसे.

प्लास्टरच्या टेबलावर नवा माणूस आला, तेव्हा त्यानेही तिच्या सगळ्या प्रश्नांना निमूट उत्तरं दिली. बायको शाळेत शिकवते, एक मुलगी आहे, साखर कमी. पण एक गोष्ट राहूनच गेली. प्लास्टर ओतताना त्याचे ओठ हलायचे. आवाज नाही, काही नाही. ठसा डाव्या हातात धरून, बुडबुडा राहू नये म्हणून थरथरत्या मशीनवर टेकवायचा, उजव्या हाताने पातळ प्लास्टर सोडायचं, आणि ओठ आपले हलताहेत. दोन दिवसांत सगळे त्याला पुटपुटे म्हणू लागले.

"मोजत असेल," चौकशी म्हणाली.

"काय मोजायचंय त्यात?" पॉलिशकाका म्हणाले. "मॅडमना शिव्या घालत असेल. मीही घालतो, फक्त चाकाच्या आवाजात ऐकू जात नाही."

पुटपुटे गाणं म्हणत असेल, असंही चौकशीला वाटून गेलं. तिने मेण आणायच्या निमित्ताने त्याच्या मागून दोन चकरा मारल्या, पण मशीनच्या घरघरीत काही कळलं नाही. घरी जेवतानाही तिच्या डोक्यात तेच. नवरा म्हणाला, "अगं, विचारून टाक ना एकदाचं. तुला आणि विचारायची लाज?" लाज नव्हती. पण एखाद्याच्या हलत्या ओठांबद्दल विचारणं म्हणजे त्याच्या उशाखाली हात घालण्यासारखं तिला वाटत होतं. शेवटी तिच्याने राहवलं नाही.

"भाऊ, रागावू नका, पण तुम्ही हे तोंडातल्या तोंडात काय म्हणत असता?"

पुटपुट्यांचा हात थांबला. ते कानापर्यंत लाल झाले. "दिसतं होय?" ते म्हणाले. "प्रार्थना करतो, ताई."

"कुणासाठी?"

"पूर्वीच्या लॅबमध्ये ह्या ठशांसाठीच करायचो. म्हणजे, ज्यांचे ठसे आहेत त्यांच्यासाठी. नाव माहीत नसतं, पण कुणीतरी आहे, त्याला नीट खाता येत नाहीये. आता... इथल्या सगळ्यांसाठीही करतो. एकेकाचं नाव घेऊन." मग थोडं थांबून, "आज तुमचं होतं."

 साच्याच्या मागचा माणूस कोण असेल, ह्याचा विचार आपण सोडून आणखी कुणी करत असेल, हे चौकशीच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याचं नवल वाटतंय न वाटतंय तोच दुसरी गोष्ट डोक्यात शिरली.

"माझं? मला काय धाड भरलीये? आणि मला न विचारता?"

"वाईट काही नाही मागितलं, ताई. सासूबाई आजारी आहेत असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून त्यांना आराम पडावा आणि तुम्हाला झोप मिळावी, एवढंच येशूला सांगितलं."

"येशूला? म्हणजे तुम्ही ख्रिस्ती?"

"हो. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे प्रमुख, ते कधीपासून म्हणताहेत, कामाच्या जागी साक्ष द्या."

"साक्ष? कुठल्या खटल्यात?"

पुटपुट्यांना हसू आलं. "तसली नव्हे. आपल्याला जे मिळालं ते दुसऱ्याला सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. मला ते जमत नाही. तोंड उघडलं की बोबडी वळते. मग म्हटलं, लोकांशी देवाबद्दल बोलता येत नाही, तर देवाशी तरी लोकांबद्दल बोलावं."

चौकशीच्या पोटात काही राहिलं असतं तर पुढचं घडलंच नसतं. चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या लॅबला कळलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला आपली ती गंमत वाटली होती. पण पॉलिशकाकांनी हातातली कवळी खाली ठेवली, चाक बंद केलं आणि थेट प्लास्टरच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"माझंही नाव घेतोस तू?"

"घेतो, काका."

"आजपासून घ्यायचं नाही. माझ्या बायकोच्या वेळी झाडून सगळ्यांनी सगळ्या देवांना सांगून झालं होतं. तुझाही त्यात असेल. मला कुणाची शिफारस नको."

आवाज इतका चढला की आतल्या खोलीतून मॅडम बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं. लॅब त्यांची, आणि भांडण त्यांना अजिबात खपत नसे. "हे पाहा, ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या घरी," त्या म्हणाल्या. "कामाच्या जागी हा विषय तुम्ही काढायचा नाही. आणि उद्यापासून तुमचं टेबल मागच्या खोलीत."

पुटपुटे मान खाली घालून हो म्हणाले. त्यांनी कुठलाच विषय काढला नव्हता, काढला होता तो चौकशीने. ते तिला खुपलं, आणि ती मध्येच म्हणाली, "आणि मॅडम, कुणी विचारलं तर?"

"विचारलं तर..." मॅडम अडखळल्या. त्या शिस्तीच्या असल्या तरी उद्धट नव्हत्या. "विचारलं तर सांगावं. विचारणाऱ्याला उत्तर न देणं बरं नाही दिसत. पण चहाच्या सुट्टीत."

आता लॅबमध्ये विचारण्याचा मक्ता कुणाकडे होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमच्याच तेवढं लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाचे दोन कप घेऊन चौकशी मागच्या खोलीत गेली. खोली कसली, बोळकांडीच. वर एक झरोका, भिंतीवर प्लास्टरचे शिंतोडे, फळीवर जबड्यांची रांग. "माझ्या जिभेने तुम्हाला इथे आणून बसवलं," ती म्हणाली. "तेव्हा आता विचारायचं कामही मीच करणार. पहिला प्रश्न. तुमचा येशू आंधळ्यांना डोळे देत होता म्हणतात, मग म्हाताऱ्यांना दात का देत नाही? आपला धंदा बसेल म्हणून?"

पुटपुटे इतके हसले की चहा सांडला. मग म्हणाले, "खरं सांगू? माहीत नाही."

"हे बरंय! इतकी वर्षं प्रार्थना करता आणि माहीत नाही?"

"बऱ्याच गोष्टी माहीत नाहीत, ताई."

ह्या उत्तराने चौकशीची भूक चाळवली. तिला आजवर भेटलेली धार्मिक माणसं सगळं ठाऊक असलेली होती. ती रोज जाऊ लागली. देव ऐकतो हे कशावरून? ऐकतो तर सांगावं का लागतं? एकाच वेळी दोघांनी उलटं मागितलं तर? तुमच्यात वाईट वागलेल्या माणसाचं काय होतं? सासूचं सगळं माफ करावं लागतं का, की काही सूट आहे? पुटपुटे कधी बोलायचे, कधी डोकं खाजवायचे, कधी "पाळकांना विचारून सांगतो" म्हणायचे आणि खरंच विचारून यायचे. बोलता बोलता त्यांची बोबडी कधी गेली, ते त्यांनाच कळलं नाही. येशू कुणाकुणाबरोबर जेवायला बसायचा, लोक त्याला नावं कशी ठेवायचे, मारणाऱ्यांनाच त्याने क्षमा कशी केली, हे ते शेजारच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगायचे. चौकशीला काही पटायचं, काही अजिबात पटायचं नाही. "मारणाऱ्याला क्षमा, हे मला जमायचं नाही, आधीच सांगते," असं ती बजावून यायची, आणि मग दुपारभर दात बसवताना तेच घोळवत राहायची.

एके दिवशी ती दोघं बोलत असताना दारात सावली पडली. पॉलिशकाका. अंगभर पांढरी भुकटी, चष्मा कपाळावर.

"मीही विचारू शकतो ना?" ते म्हणाले. "का तिच्याच मालकीचं आहे?"

पुटपुट्यांनी स्टूल पुढे केलं. काका बसले नाहीत.

"सगळं मागून झालं. रडून, उपाशी राहून, सगळं. तरी माणूस गेलं. मग काय समजायचं? तो नाही, का आहे पण ऐकत नाही, का ऐकतो पण आमची किंमत नाही?"

चौकशीने कप खाली ठेवला. तिचे इतके प्रश्न झाले होते, पण ह्या प्रश्नाच्या आसपाससुद्धा ती फिरकली नव्हती.

पुटपुट्यांनी हातावरचं प्लास्टर फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "मला मोठ्या बहिणीने वाढवलं, काका. आई नव्हती. ती आजारी पडली तेव्हा मीही मागितलं. आमच्या चर्चमधल्या सगळ्यांनी मागितलं. ती गेली. मी वर्षभर चर्चची पायरी चढलो नाही. प्रार्थना करणाऱ्या माणसाचा राग यायचा."

"मग परत कसा गेलास?"

"गेलो नाही, एक जण आला. चर्चमधलाच, फार ओळखही नव्हती. संध्याकाळी यायचा, बसायचा. देवाचं नावसुद्धा काढलं नाही त्याने. माझी खरकटी भांडी घासायचा आणि जायचा. एक दिवस मीच चिडून विचारलं, तुझा देव कुठे होता? तर तो म्हणाला, मला माहीत नाही, पण येशू आपल्या मित्राच्या थडग्यापाशी रडला होता. बस. मलाही एवढंच माहीत आहे, काका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. मी ते अजून त्यालाच विचारतो."

काका तसेच उभे राहिले. आता हे भांडणार की निघून जाणार, ह्याची चौकशीला धास्ती वाटली.

"आमच्यात गेलेल्या माणसासाठी मागत नाहीत," पुटपुटे हळूच म्हणाले. "पण त्या कशा होत्या, ते ऐकायला मला आवडेल."

काका स्टुलावर बसले. आधी म्हणाले, सांगण्यासारखं काही नाही. मग सांगू लागले. ती शिट्टी वाजवायची. बायकांनी वाजवू नये असं सासू म्हणायची, म्हणून न्हाणीघरात नळ सोडून वाजवायची. काकांनी बनवलेली पहिली कवळी तिने नाकावर चष्मा चढवून तपासली होती आणि म्हणाली होती, "हा माणूस हसेल तेव्हा घोडा दिसेल." शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं, तरी ओठांचा चंबू करायची, शिट्टीसाठी. सांगताना काका हसत होते आणि त्यांच्या गालावरच्या पांढऱ्या भुकटीत ओली रेघ उमटत होती.

चहाची सुट्टी कधीच संपली होती. मॅडम दारापर्यंत आल्या, आत पाहिलं आणि काही न बोलता परत गेल्या.

चौकशी मात्र त्या दिवशी जागेवर येऊन बसली ती खट्टू होऊन. काकांच्या शेजारी ती कैक वर्षं काम करत होती. चहातली साखर विचारली, गुडघ्याचं दुखणं विचारलं, भाडेकरूंची भांडणंसुद्धा विचारली. बायको गेल्यावर मात्र एका शब्दाने विचारलं नव्हतं, त्यांना त्रास होईल म्हणून. त्रास त्यांना झाला असता की आपल्याला, हे तिला आता नक्की सांगता येईना.

त्या आठवड्याच्या शेवटी तिने पुटपुट्यांना विचारलं, "तुमचं चर्च किती वाजता असतं? मला यायचंय. धरून ठेवाल की काय?"

"धरून कशाला ठेवू?" ते गडबडून म्हणाले. "शेवटच्या बाकावर बसा. कंटाळलात तर उठून जा."

रविवारी ती पत्ता विचारत विचारत पोचली. एका साध्याशा रस्त्यावर, छापखान्याच्या बाजूला उंच खिडक्यांची इमारत. समोरच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या काचेत अतिशय लक्षपूर्वक बघत, इस्त्रीच्या शर्टातले पॉलिशकाका उभे होते.

"काय घ्यायचंय?" चौकशीने मागून विचारलं.

काका दचकले. "काही नाही. इथून जात होतो."

"बरं झालं भेटलात. मला आत कुणी ओळखत नाही. एकटी कशी जाऊ?" जन्मात कधी कुठे जायला घाबरली नव्हती ती.

"पाचच मिनिटं," काका म्हणाले.

दोघं शेवटच्या बाकावर बसली. पुटपुटे पुढच्या रांगेत बायको आणि मुलीच्या मध्ये उभे होते आणि भसाड्या आवाजात, सुराची पर्वा न करता, मोकळ्या गळ्याने गात होते. त्यांना मागे कोण आलंय ह्याचा पत्ता नव्हता. चौकशीने शेजारच्या आजींना तीन-चार गोष्टी विचारून घेतल्या. काका गायले नाहीत, डोळे मिटले नाहीत. पण सगळे उभे राहिले की उभे राहायचे, बसले की बसायचे. पाच मिनिटं होऊन गेली, शेवटची प्रार्थनाही होऊन गेली. दारात पाळकांनी हात पुढे करून विचारलं, "आपण?" काकांनी पुटपुट्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ह्याच्या कामावरचे." पुटपुटे मुलीचा हात धरून धावतच त्यांच्याकडे आले.

परत निघताना काकांनी एकदा वळून इमारतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाकांना पॉलिश चांगलं केलंय. हाताने केलेलं आहे, मशीनने नव्हे."

"हो का?"

"पुढच्या रविवारचं मात्र मला माहीत नाही हं."

"मी कुठे विचारलं?" चौकशी म्हणाली, आणि दोघं रस्ता ओलांडून बसच्या थांब्याकडे निघाली.